अणू-रेणूंच्या रेशीमगाठी

‘रासायनिक बंध’ हे अकरावीच्या पुस्तकातलं प्रकरण म्हणजे नुसती घोकंपट्टी, असं मुलांना वाटतं आणि त्यांच्या आईवडिलांनाही. पण या प्रकरणाचे धागे मिठाच्या बरणीपासून बाथरूममधल्या गिझरपर्यंत आणि थेट लग्नाच्या बोलणीपर्यंत पोचलेले आहेत.

रात्रीचे साडेनऊ. जेवणं आटोपलेली. टीव्हीचा आवाज मुद्दाम कमी केलेला, कारण आतल्या खोलीत अकरावीतल्या लेकीचा अभ्यास सुरू आहे. ‘सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन एक इलेक्ट्रॉन घेतो... सोडियम देतो, क्लोरीन घेतो...’ तो एकसुरी जप स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतोय. ओट्यापाशी आई उद्याच्या डब्यासाठी मटकी भिजत घालतेय. दोघींमधलं अंतर जेमतेम दहा फूट. पण लेक जे घोकतेय ते आईच्या हाताशी, मिठाच्या बरणीत भरून ठेवलेलं आहे, हे दोघींच्याही ध्यानात येत नाही.

हे चित्र घरोघरचं. रसायनशास्त्रातल्या बंधांशी मुलांची तोंडओळख आठवीतच होते. अकरावीत तेच प्रकरण अंगावर येतं. आयनिक बंध, सहसंयुज बंध, हायड्रोजन बंध, रेणूंचे आकार, त्यांचे कोन... मार्कांसाठी पाठ करायचं, परीक्षेत ओतायचं आणि विसरून जायचं. विसरल्याने काही बिघडत नाही, असा सगळ्यांचा समज. पण बिघडतं. कधी कधी तर जिवावर बेततं.

अष्टकाचा हट्ट

गोष्ट सुरू होते १९०२ साली. अमेरिकेतले गिल्बर्ट न्यूटन लुईस हे तरुण प्राध्यापक विद्यार्थ्यांना मूलद्रव्यांचे गुणधर्म समजावून देत होते. समजावता समजावता त्यांनी कागदावर काही ठोकळे काढले. प्रत्येक ठोकळा म्हणजे एक अणू आणि ठोकळ्याच्या आठ कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन. ज्याचे आठही कोपरे भरलेले, तो अणू तृप्त. निऑन, अरगॉन हे वायू असे तृप्त. कुणाशी देणं नाही, कुणाकडून घेणं नाही! बाकीच्यांची मात्र आठाचा आकडा गाठण्यासाठी धडपड.

या कल्पनेवर लुईस चौदा वर्षं विचार करत राहिले. १९१६ साली त्यांनी निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात एक साधी, पण क्रांतिकारक गोष्ट मांडली. दोन अणू इलेक्ट्रॉनची एक जोडी सामाईक ठेवतात, तोच त्यांच्यातला बंध. त्याच वर्षी जर्मनीत वाल्थर कोसेल यांनी दुसऱ्या प्रकारच्या गाठीचा उलगडा केला. त्या गाठीत एक अणू इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, दुसरा घेतो आणि विरुद्ध विद्युतभारांच्या ओढीने दोघं एकमेकांना धरून राहतात. पुढे १९१९ मध्ये आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी लुईस यांच्या कल्पनेला ‘कोव्हॅलंट’ हे नाव दिलं. आपल्या पुस्तकांतला ‘सहसंयुज’ हा शब्द तिथूनच आला. लँगम्यूर यांना १९३२ साली नोबेल मिळालं. लुईस यांचं नाव वारंवार सुचवलं जाऊनही ते त्यांच्या वाट्याला आलं नाही. १९४६ साली आपल्या प्रयोगशाळेतच त्यांचं निधन झालं. आज जगातला प्रत्येक विद्यार्थी वहीत ठिपके काढून रेणू रेखाटतो, ते लुईस यांचेच ठिपके.

पण देणं-घेणं आणि वाटून घेणं, एवढे दोनच प्रकार संसारात कुठे असतात? बरोबरीच्या भागीदारीतही एकाचं पारडं थोडं जड असतंच. हे ओळखलं लायनस पॉलिंग यांनी. १९०१ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात एका औषध दुकानदाराच्या घरी जन्मलेला हा मुलगा नऊ वर्षांचा असताना वडिलांना पारखा झाला. पुढे रासायनिक बंधाचा स्वभाव उलगडण्यासाठी त्याला १९५४ साली नोबेल मिळालं. कोणता अणू सामाईक इलेक्ट्रॉन आपल्याकडे किती ओढतो, याचा तक्ताच पॉलिंग यांनी १९३२ साली मांडला. फ्लोरिन सर्वांत ओढाळ, त्याच्या पाठोपाठ ऑक्सिजन. कार्बन आणि हायड्रोजन त्या मानाने समजूतदार. हा एवढा तक्ता समजला की स्वयंपाकघरातली निम्मी कोडी सुटतात.

खारे दाणे आणि साखरेचा पाक

मीठ आणि साखर. दोन्ही पांढरी, दोन्ही दाणेदार, दोन्ही पाण्यात विरघळणारी. घाईत बरण्यांची अदलाबदल झाली की चहाचा बोऱ्या वाजतो! पण दोन्ही वेगवेगळ्या कढयांत घालून गॅसवर ठेवली तर काय होतं?

साखर थोड्याच वेळात वितळते, तांबूस होते आणि मग करपते. मीठ मात्र ढिम्म. खारे शेंगदाणे भाजणारा कढईभर तापलेल्या मिठात दाणे परततो. तासन्‌तास आचेवर राहूनही ते मीठ वितळत नाही. कारण मिठाला वितळायला तब्बल ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं. मिठाच्या खड्यात सुटे रेणू नसतातच. धनभारित सोडियम आणि ऋणभारित क्लोरीन, एकाआड एक, खाली-वर, मागे-पुढे, सगळ्या बाजूंनी एकमेकांना पकडून बसलेले असतात. ही फौज मोडायची तर प्रचंड उष्णता हवी.

साखरेत रेणू सुटे असतात. रेणूच्या आतले अणू घट्ट बांधलेले असले, तरी एका रेणूची शेजारच्या रेणूशी असलेली ओढ त्या मानाने कमजोर असते. कापराच्या वडीत तर ती ओढ इतकी लेचीपेची, की डबी उघडी राहिली तर वडी आपोआप उडून जाते. देवघरात कापराचा वास दरवळतो, मिठाला मात्र वास येत नाही, याचं गुपित हेच. वास यायचा तर रेणू नाकापर्यंत उडून यायला हवेत आणि मिठाची पकड त्यांना सोडत नाही.

वाकडं पाणी

आता पाणी. एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन, हे लहान पोरही सांगेल. पण हे तिघं एका सरळ रेषेत उभे नसतात. त्यांच्यात सुमारे १०४.५ अंशांचा कोन असतो, बूमरँगसारखा. शिवाय ऑक्सिजन ओढाळ, त्यामुळे इलेक्ट्रॉन त्याच्याकडे झुकतात. परिणामी रेणूच्या एका टोकाला किंचित ऋणभार, दुसऱ्या टोकाला किंचित धनभार. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हाच हायड्रोजन बंध. हात घट्ट धरलेला नाही, नुसतं बोटात बोट अडकवलेलं. पण कोट्यवधी बोटं अशी अडकली की मोठी शक्ती उभी राहते.

ती किती मोठी? पाण्याचं चुलत भावंड म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, तोच तो सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. त्यात ऑक्सिजनऐवजी गंधक असतं. वजनाने पाण्याच्या जवळपास दुप्पट. जड पदार्थ उशिरा उकळायला हवा. पण हा वायू उणे ६० अंशांनाच उकळतो आणि पाणी १०० अंशांना. हा सगळा फरक त्या बोटांच्या गुंफणीचा. ती नसती, तर पृथ्वीवर नद्या नसत्या, समुद्र नसते आणि माणूसही नसता.

उन्हाळ्यात माठातलं पाणी गार होतं तेही याच गुंफणीमुळे. बाहेर पाझरलेल्या पाण्याच्या रेणूला हवेत उडून जायचं तर आधी शेजाऱ्यांची बोटं सोडवावी लागतात. त्यासाठी लागणारी उष्णता तो माठाकडून आणि आतल्या पाण्याकडून घेतो. बर्फ होतानाही हे बंध रेणूंना विशिष्ट अंतरावर रोखून धरतात. म्हणून बर्फ पाण्यापेक्षा सुमारे नऊ टक्के जास्त जागा घेतो. फ्रीझरमध्ये भरून ठेवलेली काचेची बाटली तडकते ती त्यामुळे. पण याच गुणामुळे बर्फ तरंगतो. कडाक्याच्या थंडीत काश्मीरचं दल सरोवर वरून गोठलं, तरी खाली पाणी राहतं आणि त्यात मासे जगतात.

तर्री वर का येते?

नागपूरकडे पोह्यांवर लालभडक तर्री ओततात. रस्सा कितीही ढवळा, तर्री आपली वरच येते. तेल हलकं असतं म्हणून ते वर येतं, हे खरं. पण ते पाण्यात मिसळतच का नाही?

तेलाच्या रेणूची लांबलचक शेपटी कार्बन आणि हायड्रोजनची असते. दोघंही समजूतदार, इलेक्ट्रॉनची वाटणी जवळपास सारखी. त्यामुळे या शेपटीला ना धन टोक, ना ऋण टोक. पाण्याच्या रेणूंना तिच्यात बोट अडकवायला जागाच सापडत नाही. मग पाणी आपापसात गट्टी करतं आणि तेलाला बाहेर काढतं. वाळीत पडलेले तेलाचे थेंब एकमेकांना बिलगतात. मिरचीचा रंग आणि तिखटपणा, हळदीचा पिवळेपणा हे सगळं तेलाच्या जातकुळीतलं. म्हणूनच हळद-तिखट फोडणीत खुलतं. जीभ भाजली तर पाण्याच्या घोटाने फारसा फरक पडत नाही, दुधा-दह्याने मात्र आराम पडतो.

साबणाचं काम मध्यस्थाचं. त्याच्या रेणूचं एक टोक मिठासारखं विद्युतभारित, पाण्याशी जमवून घेणारं. दुसरी शेपटी तेलाची. शेपटी ओशट डागात घुसते, टोक पाण्याला धरतं आणि डाग सुटतो. २०२० साली करोनाच्या साथीत साबणाने हात धुवा म्हणून घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं गेलं, त्यामागेही हेच होतं. त्या विषाणूचं वेष्टन मेदाचं असतं. साबणाच्या शेपट्या ते वेष्टन उसवून टाकतात.

म्हणजे रेणूंचे स्वभाव दोन. काही पाण्यावर जीव टाकणारे, काही पाण्याकडे पाठ फिरवणारे. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पुढे ती एका जीवघेण्या आजाराच्या मुळाशी भेटणार आहे.

एक ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा

त्याआधी बाथरूममधला गिझर. हिवाळ्यात अधूनमधून वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बातमी येते. बाथरूमचं दार आतून बंद, हाका मारून उत्तर नाही, दार फोडलं तर आत माणूस निपचित. अंगावर जखम नाही, भाजल्याची खूण नाही. घरातलं गॅसचं गिझर मात्र चालू.

स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. तो जळतो तेव्हा त्याच्या कार्बनला भरपूर हवा मिळाली, तर प्रत्येक कार्बनच्या वाट्याला दोन ऑक्सिजन येतात आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पण बाथरूम चिमुकलं, खिडकी बंद, वर वाफेचा कोंडमारा. हवेतला ऑक्सिजन संपत आला की काही कार्बनना एकाच ऑक्सिजनवर भागवावं लागतं. तयार होतो कार्बन मोनॉक्साइड. फरक अवघ्या एका अणूचा!

कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यात इथे तिहेरी बंध असतो, रसायनशास्त्राला ठाऊक असलेल्या सर्वांत बळकट बंधांपैकी एक. तरीही कार्बनच्या टोकाला इलेक्ट्रॉनची एक जोडी मोकळी राहते आणि तीच घात करते. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोहाचा अणू असतो. ऑक्सिजन त्याला अलगद धरतो आणि गरज पडेल तिथे सोडून देतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र आपली मोकळी जोडी पुढे करून लोहाला चिकटतो, तो सहजासहजी सुटत नाही. हिमोग्लोबिनवरची त्याची पकड ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक असते. श्वास चालू राहतो, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोचत नाही.

या वायूला रंग नाही, वास नाही. ‘गॅस गळला असता तर वास आला असता,’ असं म्हणून अनेक जण निर्धास्त राहतात. सिलिंडरमधल्या गॅसला वास येतो, तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन नावाच्या गंधकयुक्त पदार्थाचा. ज्योतीत तो पदार्थ जळून जातो. कार्बन मोनॉक्साइड तयार होतो तेव्हा इशारा देणारं काहीच उरत नाही. डोकं जड होणं, गरगरणं, मळमळणं, अंगातलं त्राण जाणं ही लक्षणं. पण तोवर कडीपर्यंत हात पोचेल याची खात्री नसते.

म्हणून गॅसचं गिझर बाथरूमच्या आत नसावंच. ते बाहेर, मोकळ्या हवेत बसवावं आणि जळलेला वायू बाहेर नेणारा पाइप त्याला असावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणं हाही मृत्यूशी खेळच. कुणी असं बेशुद्ध सापडलं, तर आधी गॅस बंद करावा, दारं-खिडक्या उघडाव्यात, माणसाला मोकळ्या हवेत आणावं आणि तडक इस्पितळ गाठावं. साध्या हवेत रक्तातला निम्मा विषारी वायू बाहेर पडायला चार-पाच तास लागतात. इस्पितळात शुद्ध प्राणवायू दिला तर तेच काम तास-दीड तासात होतं.

साखळीतला सहावा मणी

याच हिमोग्लोबिनची दुसरी कहाणी लायनस पॉलिंग यांच्यापर्यंत नेते. १९१० साली शिकागोतले डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात चमत्कारिक पेशी पाहिल्याची नोंद केली. लाल पेशी एरवी गोल, लवचीक असतात. या मात्र विळ्यासारख्या वाकलेल्या. इंग्रजीत विळ्याला ‘सिकल’ म्हणतात, म्हणून आजाराचं नाव पडलं सिकलसेल.

१९४५ साली पॉलिंग यांच्या कानावर एका डॉक्टरांकडून ही माहिती आली. शरीरातून परतणाऱ्या, ऑक्सिजन सोडून दिलेल्या रक्तातच पेशी वाकतात, हे ऐकून त्यांना वाटलं, दोष पेशीत नाही, हिमोग्लोबिनच्या रेणूतच असणार. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचं आणि निरोगी माणसांचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवलं. दोन्ही वेगवेगळ्या पद्धतीने सरकली. म्हणजे त्यांचे विद्युतभार वेगळे होते! १९४९ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. एखादा आजार हा रेणूचा आजार असू शकतो, हे जगाला पहिल्यांदा असं स्वच्छ कळलं.

रेणूत नेमकं काय बदललं, ते १९५६-५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी दाखवून दिलं. हिमोग्लोबिन अमिनो आम्लांच्या चार साखळ्यांचं बनलेलं असतं. त्यातल्या दोन साखळ्या १४१ मण्यांच्या, दोन १४६ मण्यांच्या. १४६ मण्यांच्या साखळीतला फक्त सहावा मणी बदललेला! तिथे हवं होतं ग्लुटामिक आम्ल, आलं व्हॅलिन. ग्लुटामिक आम्लाला ऋणभार असतो, त्याचा स्वभाव मिठाचा, पाण्याशी जमवून घेणारा. व्हॅलिनचा स्वभाव तेलाचा, पाण्याकडे पाठ फिरवणारा.

तर्रीच्या थेंबांचंच नाटक मग रक्तात सुरू होतं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की एका रेणूचा तो तेलकट मणी शेजारच्या रेणूच्या खोबणीत जाऊन बसतो. रेणूला रेणू चिकटत जातात, त्यांचे ताठ दोर वळले जातात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच मरते. म्हणून रक्त कमी पडतं. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तेव्हा हाडा-सांध्यांत असह्य कळा उठतात. वारंवार ताप, कावीळ, लहान बाळांच्या हातापायांना सूज... आणि हे सगळं १४६ मधल्या एका मण्यापायी.

रक्ताची पत्रिका

हा आजार महाराष्ट्राला परका नाही. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ, अमरावती या विदर्भातल्या जिल्ह्यांत आणि सातपुड्याच्या कुशीतल्या नंदुरबारमध्ये त्याचे रुग्ण आहेत. मध्य प्रदेश, छत्तीसगड, गुजरात, ओडिशा इथेही तो आहे. तो आदिवासींचाच आजार, हा समज मात्र चुकीचा. विदर्भात इतर समाजांतही तो आढळतो. सिकलसेलवर आयुष्य वेचणारे डॉ. सुदाम काटे यांना २०१९ साली पद्मश्री देऊन गौरवण्यात आलं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे केंद्र सरकारच्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेची सुरुवात झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं उच्चाटन, असं तिचं उद्दिष्ट ठरवण्यात आलं.

आजार जंगलपट्ट्यांतच का टिकला, याचंही उत्तर आहे. आईवडिलांपैकी एकाकडूनच दोष आलेला माणूस म्हणजे वाहक. तो सहसा धडधाकट असतो, इतकंच नव्हे तर मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून त्याचा बराच बचाव होतो. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेत हे दाखवून दिलं. मलेरियाने पछाडलेल्या मुलखात हा दोष अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या तगून राहिला.

प्रश्न येतो तो दोन वाहकांचं लग्न होतं तेव्हा. प्रत्येक गरोदरपणात बाळ सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याच्या बाबतीत धोका संपत नाही, दर वेळी नव्याने तोच हिशेब. एक जण वाहक आणि दुसरा निर्दोष असेल तर मात्र एकही मूल सिकलसेलग्रस्त होत नाही. एक सिकलसेलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तर धोका पुन्हा उभा राहतो.

म्हणून लग्न ठरवताना पत्रिकेबरोबर रक्ताचीही पत्रिका पाहिली पाहिजे. तपासणी सोपी आहे. आधी विद्राव्यतेची चाचणी. ऑक्सिजन काढून घेतला की दोषी हिमोग्लोबिन नीट विरघळत नाही, द्रावण गढूळ होतं. मग खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे पॉलिंग यांच्या चमूने वापरलेलीच पद्धत. विद्युतक्षेत्रात हिमोग्लोबिन किती सरकतं ते पाहायचं आणि माणूस निर्दोष, वाहक की रुग्ण ते ठरवायचं. लग्न आधीच झालं असेल, तर दिवस राहिल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांतच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गर्भाची तपासणी करता येते.

अजूनही अनेक घरांत आजारी मूल जन्मलं की सुनेकडे बोट दाखवलं जातं. ‘तिच्या माहेरचं रक्त वाईट!’ विज्ञान सांगतं, हा आजार होण्यासाठी एक दोष आईकडून आणि एक दोष वडिलांकडून यावा लागतो. एकट्या आईमुळे तो होऊच शकत नाही. तो संसर्गानेही पसरत नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने काहीही होत नाही. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे आणि लग्नाला अपात्र असणं तर नव्हेच.

आजार झालेल्यांनाही आज आधार आहे. भरपूर पाणी पिणं, अति थंडी आणि अति श्रम टाळणं, लसी वेळेवर घेणं, ताप आला तर अंगावर न काढणं ही रोजची पथ्यं. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध बाळपणीच्या हिमोग्लोबिनचं प्रमाण वाढवतं. त्या हिमोग्लोबिनमध्ये तो खोडसाळ मणी नसतो, त्यामुळे कळांचे झटके कमी होतात. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावं लागतं. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुकांमध्ये दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला मंजुरी मिळाली. पण तिथे त्याची किंमत जाहीर झाली ती कोट्यवधी रुपयांच्या घरातली. गडचिरोलीच्या पाड्यावरच्या कुटुंबाला परवडणारी गोष्ट आजही एकच, लग्नाआधीची रक्ततपासणी.

पुस्तक पुन्हा उघडताना

आता पुन्हा त्या आतल्या खोलीतल्या लेकीकडे. तिने हे प्रकरण कसं वाचावं? परीक्षेत हमखास होणाऱ्या तीन चुका टाळल्या तरी निम्मा गड सर होतो.

पहिली चूक म्हणजे, ‘पाणी उकळताना त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात.’ नाही. वाफ म्हणजेही पाणीच. तुटते ती रेणूरेणूंमधली बोटांची गुंफण, रेणूच्या आतली गाठ शाबूत राहते. दुसरी चूक, ‘बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते.’ उलट! बंध तोडायला नेहमी ऊर्जा खर्चावी लागते, ऊर्जा मिळते ती नवे बंध जुळताना. गॅस पेटवायला ठिणगी लागते ती जुन्या गाठी सोडवायला. मग कार्बन आणि हायड्रोजन ऑक्सिजनशी अधिक बळकट गाठी बांधतात आणि त्यातून आच मिळते. तिसरी चूक, ‘अणूंना आठ इलेक्ट्रॉन हवेसे वाटतात.’ अणूंना मन नसतं. जोडीने राहिल्यावर त्यांची एकूण ऊर्जा कमी होते, एवढंच. म्हणूनच आठाच्या नियमाला अपवाद निघतात आणि ते पाहून गोंधळून जाण्याचं कारण नाही.

पालकांनाही थोडं करता येईल. रसायनशास्त्र येत नसलं तरी चालेल. मूल अभ्यासाला बसलं की त्याला हाक मारून स्वयंपाकघरात बोलवावं. साखर का वितळली? तर्री वर का आली? माठ गार का होतो? उत्तर त्याला शोधू द्यावं. पुस्तकातली व्याख्या आणि हातातली वस्तू यांची एकदा गाठ पडली, की घोकायची वेळ येत नाही.

काही वर्षांनी ही मुलगी स्वतःच्या घराचा नकाशा पाहील, तेव्हा गिझर कुठे लावायचं ते तिला सांगावं लागणार नाही. घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतील, तेव्हा पत्रिका पुढे सरकवणाऱ्या वडीलधाऱ्यांना ती न लाजता विचारेल, ‘आणि रक्ताचा रिपोर्ट?’ त्या दिवशी अकरावीतल्या त्या प्रकरणाचे खरे मार्क तिच्या पदरात पडतील.